व्हिस्की-रसिकांची नियतकालिके : अभिरुचीचा इतिहास आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना
आपल्याकडे मद्याचा इतिहास बहुधा अबकारी महसूल आणि दारूबंदी या दोन अंगांनी अभ्यासला जातो. अभिरुची कशी घडते, याची साधने मात्र रसिकांच्या नियतकालिकांत सापडतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दोन नियतकालिकांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी
दीर्घकाळ स्कॉच म्हणजे मिश्र व्हिस्की, असेच समीकरण होते. एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून होणारी सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर नेटाने विकण्यास ग्लेनफिडिकने १९६३ मध्ये आरंभ केला. पुढे मागणीपेक्षा साठा वाढला आणि १९८३ मध्ये पोर्ट एलन, ब्रोरा यांसारख्या डिस्टिलऱ्या बंद पडल्या. त्यानंतर उद्योगाने महागड्या सिंगल माल्टवर भर दिला. प्रत्येक डिस्टिलरीची चव निराळी असल्याने ग्राहकाला मार्गदर्शक हवा होता. मायकेल जॅक्सन (१९४२-२००७) या ब्रिटिश लेखकाने १९८९ च्या आपल्या मार्गदर्शिकेत शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली.

नियतकालिकांचे कार्य
१९९० च्या दशकाच्या आरंभी जॉन हॅन्सेल यांनी अमेरिकेत 'माल्ट अॅडव्होकेट' सुरू केले. दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये 'व्हिस्की मॅगझिन' निघाले. गंध, चव आणि घोटानंतर रेंगाळणारा स्वाद असे त्रिविध वर्णन व त्याखाली गुण, ही मांडणी त्यांनी वाचकांच्या अंगवळणी पाडली. तिचा परिणाम मूळ भूगोलाबाहेर गेला. 'व्हिस्की मॅगझिन'च्या २००१ च्या चाचणीत, बाटलीवरील नाव झाकलेले असताना, जपानची योइची सर्वश्रेष्ठ ठरली. बंगळूरुच्या 'अमृत'ने २००४ मध्ये ग्लासगोत सिंगल माल्ट आणली. भारतीय आणि स्कॉटिश बार्लीपासून केलेल्या त्यांच्या 'फ्यूजन'ला 'माल्ट अॅडव्होकेट'ने २०१० सालचा 'वर्ल्ड व्हिस्की' सन्मान दिला. मळीच्या मद्यार्कामुळे ज्या देशाच्या बहुतांश व्हिस्कीला युरोपात 'व्हिस्की' हे नावही लावता येत नाही, त्या देशाच्या दृष्टीने ही घटना लक्षणीय होय. गोव्यात तयार होणारी 'पॉल जॉन' २०१२ मध्ये ब्रिटनच्या बाजारात उतरली.

साधनाची मर्यादा
तथापि ज्या उद्योगाचे परीक्षण करावयाचे, त्याच्याच जाहिरातींवर नियतकालिकाने जगावयाचे, हा अंतर्विरोध येथे आहे. शिवाय गुणांच्या आकड्याने किमती चढतात आणि पेय साठवणुकीची वस्तू बनते. म्हणून गुणांचे पान अभ्यासताना शेजारचे जाहिरातीचे पानही तितक्याच बारकाईने वाचले पाहिजे.

निष्कर्ष
या नियतकालिकांनी अभिरुचीची नोंदही केली आणि ती घडवलीही. नाव झाकून घेतलेल्या चाचणीने प्रस्थापितांच्या वर्चस्वाला छेद दिला, हे त्यांचे श्रेय. पण त्यांचा निवाडा निःपक्ष मानून चालणे इतिहासकाराला परवडणारे नाही.