प्रकाशाला वळण लावताना

मंडळी, इलेक्ट्रॉन हा तसा आज्ञाधारक प्राणी. तार टाका, व्होल्टेज द्या, सांगाल तिकडे जातो. प्रकाशाचं तसं नाही. त्याला विद्युतभारच नाही, त्यामुळे व्होल्टेजला तो जुमानत नाही. मग चिपवर त्याला चालू-बंद कसं करायचं? या प्रश्नाचा इतिहास मोठा मजेशीर आहे. आणि आपण आयटीवाले ज्या डेटा सेंटरच्या जिवावर जगतो, तिथे त्याचं उत्तर रोज कामाला येतं.

तर, 1969 साल. तेव्हा लेसरचे प्रयोग म्हणजे टेबलभर आरसे आणि भिंगं. जरा हादरा बसला की जुळणी बिघडली! बेल लॅब्जच्या स्टुअर्ट मिलर यांनी त्या वर्षी एका लेखात सुचवलं, की हे सगळं काचेच्या एका तुकड्यावर छापता येईल, इलेक्ट्रॉनिक सर्किट छापतात तसं. आजूबाजूपेक्षा अपवर्तनांक किंचित जास्त असलेली बारीक पट्टी केली, की प्रकाश तिच्यातच अडकून पुढे सरकतो. लेखाच्या नावातच 'इंटिग्रेटेड ऑप्टिक्स' हे शब्द होते.

रस्ता झाला, पण सिग्नलचं काय? त्याची युक्ती अशी: प्रकाशाच्या दोन वाटा करायच्या, एकीवर त्याला किंचित रेंगाळायला लावायचं आणि मग दोन्ही पुन्हा एकत्र आणायच्या. लाटा जुळल्या तर उजेड, उलटसुलट पडल्या तर अंधार. झाले की आपले 1 आणि 0!

रेंगाळायला लावायचं काम लिथियम नायोबेट छान करतो. व्होल्टेज दिलं की त्याचा अपवर्तनांक बदलतो. पण चिपचे कारखाने चालतात सिलिकॉनवर, आणि सिलिकॉनच्या स्फटिकाची रचना इतकी सममित, की त्याच्यात हा परिणाम मिळतच नाही. म्हणजे विषय संपला?

अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतले रिचर्ड सोरेफ तसं मानायला तयार नव्हते. 1987 साली त्यांनी ब्रायन बेनेट यांच्याबरोबर आकडेच मांडले. सिलिकॉनमध्ये विद्युतभार भरला किंवा उपसला, की अपवर्तनांक बदलतो.. साधारण हजारात एक भाग. एवढासाच! पण मिलिमीटरभर वाटेत तेवढा पुरतो. गंमत बघा, प्रकाशाला वळण लावायला शेवटी आपला आज्ञाधारक इलेक्ट्रॉनच धावून आला.

तरी पुढची सतरा वर्षं गाडी रखडलेलीच. सिलिकॉनचे असे मॉड्युलेटर सेकंदाला 2 कोटी वेळा, म्हणजे 20 मेगाहर्ट्झच्या आसपास, अडकले होते. 2004 मध्ये इंटेलच्या गटाने ट्रान्झिस्टरसारखी रचना वापरून 1 गिगाहर्ट्झ ओलांडला. 2005 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मिशाल लिप्सन यांच्या गटाने सरळ वाटेऐवजी रिंग केली. प्रकाश तिच्यात गोल गोल फिरतो, म्हणून लांबी लागत नाही. तिचा व्यास फक्त 12 मायक्रोमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

2016 मध्ये इंटेलने डेटा सेंटरसाठी 100 गिगाबिटची मॉड्यूल्स विकायला काढली. पण 2023 मध्ये तो धंदा जेबिल कंपनीकडे सोपवला. 2025 साली एनव्हिडियाने जाहीर केलेल्या नेटवर्क स्विचमध्ये मात्र अशाच सूक्ष्म रिंग आहेत. पेरणारा एक, कापणारा दुसरा. चालायचंच.

असो. मला या कथेत सोरेफ-बेनेट यांचे आलेख सगळ्यात आवडतात. 'जमत नाही' आणि 'हजारात एक भाग जमतं' यात फार मोठा फरक आहे. फक्त तो आकडा कुणीतरी बसून काढावा लागतो.