सुट्या भागांचा मेळ

पूर्वी आमच्या खानदेशात बैलगाडी दुकानात तयार मिळत नसे. चाके सुताराने करायची, त्यांवर लोखंडी धाव लोहाराने चढवायची, आणि बैल ज्याच्या त्याच्या ऐपतीचे. एकट्या चाकावरून गाडीची पारख होत नसे. सगळ्यांचा मेळ बसला, की गाडी पळे.

हे आठवायचे कारण म्हणजे माझा नातू. तो सुरतेला नोकरी करतो. वर्षभराच्या पगारातून शिल्लक टाकून त्याने घरीच गेमिंग कॉम्प्युटर जोडायचे ठरवले आहे. त्याचे वडील म्हणाले, "एवढ्या पैशांत पपईला ठिबक झाले असते. आणि तयार मिळतो तर सुटे भाग कशाला?" नातू माझ्याकडे पाहून म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगा." आता मी इतिहासाचा मास्तर. निवाडा देण्याआधी मागे वळून पाहायची खोड जात नाही!

तर मंडळी, आपल्या महाराष्ट्रात सुटे भाग जोडून कॉम्प्युटर करण्याची परंपरा चांगली जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात हे काम हाती घेतले. १९५६ मध्ये छोटे प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६० मध्ये मोठे. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. पण खरी निवड होती स्मरणाची, म्हणजे आजच्या भाषेत रॅमची. त्या काळच्या अनेक यंत्रांत आकडे काचेच्या नळीच्या पडद्यावर साठवत. या मंडळींनी त्याऐवजी तेव्हा नव्या असलेल्या फेराइटच्या बारीक कड्या निवडल्या.

यंत्र पुरे होईपर्यंत जगात ट्रान्झिस्टर आले आणि ट्यूब मागे पडल्या. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे तयार यंत्र आले. मग मधली मेहनत फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. एकेक भाग हाताने जोडल्यामुळे यंत्राच्या पोटात काय चालते हे जाणणारी माणसे आपल्याकडे तयार झाली. तयार डबा विकत घेऊन ती झाली नसती.

दुसरी गोष्ट पुण्याची. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. मागितलेले मोठे यंत्र मिळाले नाही. हवामानाच्या कामासाठी त्याहून लहान यंत्र दिल्लीला आले. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाले. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. एक मोठे, बलाढ्य यंत्र मिळत नाही ना, मग लहान लहान पुष्कळ जोडू, असा तो विचार होता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्यूटर नावाची चिप त्यांनी निवडली. ही चिप काही जगातली सर्वांत वेगवान नव्हती. पण शेजारच्या चिपांशी बोलायला तिला चार वाटा होत्या. निवड झाली ती या मेळ बसण्याच्या गुणावर! १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला.

आता गंमत बघा. नातवाच्या यादीत सर्वांत महाग वस्तू आहे ग्राफिक्स कार्ड. ते काय करते? साध्या एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळ चालू असताना सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचे, तर दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. एकट्या हुशार गड्याचे हे काम नव्हे. म्हणून कार्डात शेकडो-हजारो लहान गणकांची पंगत बसवलेली असते. 'परम'चाच विचार, आता एका कार्डावर मावलेला!

आणि खेळासाठी झालेला हा भाग विज्ञानाकडेही गेला. २०१२ मध्ये टोरोंटोच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की या विद्यार्थ्याने चित्रे ओळखणारा प्रोग्राम शिकवला तो गेमिंगच्या दोन कार्डांवर. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत त्या कामाचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी' जगात ६३ वा आला, तोही अशाच कार्डांच्या वंशातल्या चिपांवर.

म्हणून गेमिंगचा कॉम्प्युटर म्हणजे पैशांची उधळपट्टी, असे मी म्हणणार नाही. अर्थात कार्ड घेतले म्हणून पोरगा शास्त्रज्ञ होईल, असेही नाही.

त्याला मी एवढेच सांगितले. आधी कार्ड ठरव, मग त्याला साथ देईल इतकाच प्रोसेसर घे. एक पळतो आणि दुसरा वाट पाहतो, असे नको. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट सोड. ते पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये आणि पंख्यांत घाल, कारण मे महिन्यात लोणखेड्याचे ऊन यंत्रालाही सोसावे लागणार. वीज जाते, तेव्हा यूपीएस हवाच. आणि जोडताना वडिलांना शेजारी बसव.

ठिबकचे मात्र त्याच्या वडिलांचे म्हणणे खोटे नाही. पपई थांबत नाही. म्हणून कार्ड एक पायरी खालचे घ्यायचे आणि वाचलेले पैसे ठिबकला द्यायचे, असे नातवाने स्वतःच सुचवले आहे. निर्णय अजून व्हायचा आहे. कोणी घरी असा कॉम्प्युटर जोडला असेल तर जरूर कळवा, विशेषतः उन्हाळ्यात तो कसा चालतो ते.