बाइकचे मागचे ब्रेक पॅड लवकर का झिजतात आणि ते कधी बदलायचे?

बाइक सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी गॅरेजमधून फोन येतो, "मागचे पॅड संपलेत, बदलू का?" आपण "बदला" म्हणतो, बिल भरतो, विषय संपतो. काही महिन्यांनी पुन्हा तोच फोन. पॅड झिजणं हे त्याचं कामच आहे. पण जुने पॅड कसे झिजलेत हे न पाहता नवे बसवले, तर मूळ बिघाड तसाच राहतो आणि नवे पॅडही तितक्याच लवकर संपतात.

पॅड म्हणजे नेमकं काय?

मागच्या पेडलवर पाय दाबला की मास्टर सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो. त्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. पॅड म्हणजे एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर बसवलेला घर्षणाचा थर. झिजतो तो हा थर. (तुमच्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर आत पॅड नसतात, ब्रेक शू असतात. त्यांनाच आपल्याकडे लायनर म्हणतात. इथे फक्त डिस्कबद्दल बोलू.)

जास्त काम पुढचा ब्रेक करतो, मग मागचा का संपतो?

ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. म्हणूनच मागचे कॅलिपर आणि पॅड सहसा लहान असतात. तरीही ते लवकर झिजण्यामागे बहुतेक वेळा आपली सवय असते. ट्रॅफिकमध्ये पाय सतत पेडलवर टेकलेला असतो. आपल्याला वाटतं पाय नुसता ठेवलाय, पण पॅड डिस्कला हलकेच घासत असतात. मागून येणाऱ्यांना ब्रेकलाइट कायम पेटलेला दिसतो, तो त्रास वेगळाच.

पेडलला थोडीही मोकळी हालचाल न ठेवता ते घट्ट अॅडजस्ट केलं असेल, तरी हेच होतं. तपासणं सोपं आहे. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका स्पर्श ऐकू आला तर ठीक. चाक जड फिरत असेल किंवा लगेच थांबत असेल, तर ब्रेक धरून राहतोय.

घाट उतरताना फक्त मागचा ब्रेक दाबून धरणारेही खूप आहेत. ताम्हिणी किंवा आंबोली उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी रोखू द्यावी आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरावेत. नाहीतर पॅड आणि डिस्क इतके तापतात की ब्रेकची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे जुन्या ऑइलचा उत्कलनबिंदू उतरलेला असतो. डॉट ४ दर्जाच्या ऑइलसाठी किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १५५ अंश असा ठरवलेला आहे. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी ते नुसतं खाली जातं.

जुने पॅड काय सांगतात?

पॅड बदलून झाल्यावर मेकॅनिककडून जुने दोन्ही पॅड मागून घ्या आणि शेजारी ठेवून पाहा.

दोन्ही सारखे झिजलेत, तर सगळं ठीक. पिस्टनकडचा पॅड पार संपलाय आणि समोरचा बऱ्यापैकी शिल्लक आहे, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या असण्याची दाट शक्यता आहे. बऱ्याच बाइकच्या मागच्या कॅलिपरला एकाच बाजूला पिस्टन असतो. तो आपल्याकडचा पॅड दाबतो आणि मग अख्खं कॅलिपर सरकून समोरचा पॅड ओढून आणतं. पिनांवरचं ग्रीस सुकलं, पावसाळ्यातला चिखल रबरी बुटातून आत गेला, की हे सरकणं थांबतं. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ दिसला, तरी संशय या पिनांवरच घ्यावा.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल तर तो जास्त तापलाय. तेलकट असेल तर चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडाला असेल, किंवा धुताना मारलेलं डिझेल. सर्व्हिस सेंटरवाल्याला "डिस्कवर डिझेल नको" हे आधीच सांगावं. तेल प्यालेला पॅड घासून किंवा धुऊन पुन्हा भरवशाचा होत नाही, तो बदलावाच लागतो.

कधी बदलायचे?

किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका, थराची जाडी पाहा. मोबाइलचा टॉर्च लावून मागच्या बाजूने कॅलिपरमध्ये डोकावलं की ती दिसते. अनेक पॅडवर खाच असते. ती पुसली गेली की पॅड बदलायचा. थर २ मिलिमीटरवर आला की नवे पॅड आणून ठेवावेत, १ मिलिमीटरपर्यंत वाट पाहू नये. लोखंड लोखंडावर घासल्याचा करकर आवाज येऊ लागला तर उशीर झालाय. आता डिस्कवर चरे पडतील आणि काही शे रुपयांचं काम काही हजारांवर जाईल. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते.

बदलताना काय सांभाळायचं?

पॅड झिजतात तशी टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी खाली जाते, कारण पिस्टन पुढे सरकलेला असतो. मधल्या काळात कोणी टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल, तर नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे ढकलताना ऑइल बाहेर येतं. ते रंगावर सांडलं तर रंग उडतो, म्हणून आधी थोडं काढून घ्यावं. नाव ऑइल असलं तरी त्यात इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये, आतले रबरी सील फुगतात. टाकीच्या झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिलाय, तोच वापरावा.

कॅलिपर डिस्कवरून काढलेलं असताना पेडल दाबू नका, पिस्टन बाहेर येईल. पिना पुसून त्यांना ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस चालत नाही. पॅडची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. बोल्ट कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच आवळा. ज्यांच्याकडे टॉर्क पाना नाही त्यांनी हे काम गॅरेजमध्येच करून घेतलेलं बरं.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिले काही वेळा पेडल पोकळ जातं आणि हे विसरून बाहेर पडलात तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागणार नाही. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या आसपासच्या वेगावरून मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी करा. प्रत्येक वेळी मध्ये डिस्क थंड होऊ द्या. पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळेपर्यंत ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागतो, तेवढे दिवस पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा.