५७६ कीं १५००?

सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून १९९८ सालीं एक महानगरपालिका झाली. त्याच सुमारास कुपवाडास आमच्या घरीं दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट आलें; आणि त्यामागोमाग एक वादही आला. तारेवरून जाणारें एक पॅकेट किती बाइटांचें असावें?

विंडोज ९५ मध्यें हा आंकडा १५०० असे. तो बदलावयाचा तर रजिस्ट्रींत हात घालावा लागे. विंडोज ९८ नें लहान, मध्यम व मोठें असे पर्याय समोरच मांडले. जाणकार म्हणत, ५७६ ठेवा. हा आंकडा कोणाच्या लहरीचा नव्हे. एवढें पॅकेट प्रत्येक यंत्रानें स्वीकारलेंच पाहिजे, असा दंडक १९८१ सालच्या नियमावलींत आहे.

सेकंदास २८,८०० बिट नेणाऱ्या मोडेमला १५०० बाइट पाठविण्यास सुमारें ०.४२ सेकंद लागत, ५७६ बाइटांस ०.१६. मोठें पॅकेट जाईपर्यंत मागचा चिमुकला निरोपही खोळंबे. आणि तारेच्या खरखरीनें झालेली चूक मोडेमकडून दुरुस्त न झाल्यास सबंध पॅकेट पुन्हां पाठवावें लागे. उलट, पॅकेटावर पत्ता वगैरेंचे सहसा ४० बाइट असतात. हा भार लहानांत शेंकडा सात, मोठ्यांत तीनहूनही कमी. तार स्वच्छ असेल तर १५०० च किफायतीचे!

आम्हीं तारेकडे न पाहतांच आंकडा बदलला. पावसाळ्यांत जोडणी तुटावयाची ती तुटतच राहिली, व बिल मात्र वाढलें. पुढें घराबाहेरचा गंजलेला जोड बदलला, तेव्हां खरखर थांबली. ५७६ तसेच राहून गेले.