करारनामा नाही, भाडं थकलंय: मग कागद कुठे शोधायचे?

'भाडेपट्टा संपला म्हणजे भाडेकरूचा हक्कही संपला' असं धरून जुने घरभाड्याचे खटले वाचायला बसलात, तर चंद्रपूरचे कागद तुम्हाला चकवतील.

आधी कायदा पाहू. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४९ मध्ये घरभाडे नियंत्रण आदेश काढला. तेव्हाचा चांदा जिल्हा याच प्रांतातला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी इथे हाच आदेश चालू राहिला. मुंबई-पुण्याचा १९४७ चा कायदा इथे लावू नका.

खरी गोम कलम १३ मध्ये आहे. भाडेपट्टा संपवल्याची नोटीस द्यायची, तर घरमालकाला आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी लागायची. त्यासाठी कारण दाखवावं लागे: एकूण तीन महिन्यांचं भाडं थकलंय, किंवा भाडेकरू नेहमीच थकवतो, वगैरे. लेखी करार नसला तरी राहत्या घराचा भाडेपट्टा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिनेवारी धरला जाई. मुदत संपूनही मालक भाडं घेत राहिला, तर तो पुढे चालू मानला जाई. म्हणजे क्रम असा: परवानगी, नोटीस, मग दिवाणी दावा.

तुमच्या संशोधनासाठी याचा अर्थ काय? एकाच भांडणाची दोन दप्तरं. परवानगीचं प्रकरण महसूल खात्याकडे, दावा दिवाणी न्यायालयात. नुसती निकालपत्रं वाचलीत, तर परवानगीच्या टप्प्यावरच थकबाकी भरून घरात टिकलेला भाडेकरू तुम्हाला दिसणारच नाही. मग 'थकलं की घालवलं' असा चुकीचा इतिहास लिहून मोकळे व्हाल.

आणखी दोन गोष्टी तपासा. आदेश सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नव्हता, म्हणून गावाचं नाव त्यात येतं का ते आधी बघा. आणि गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला; त्याआधीचं प्रकरण चांदा-चंद्रपूरच्या नावाखाली शोधा.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि परवानगीची पायरी गेली. आता थकबाकीच्या मागणीची नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकावर आली. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

म्हणून २००० च्या आधीचा निकाल हाती आला, की पहिल्यांदा परवानगीचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या. दुसऱ्या दप्तराची वाट तिथूनच सुरू होते.