पहारा, पाळी आणि आठ ठोके

मंडळी, इंग्रजीत मनगटावरच्या घड्याळालाही 'वॉच' म्हणतात आणि पहाऱ्यालाही. आपल्याकडे पण तसंच आहे, फक्त पटकन लक्षात येत नाही. 'पहारा' आला 'प्रहरा'वरून. 'घड्याळा'तली 'घडी' म्हणजे घटिका, पाण्यात हळूहळू बुडणारं ते भोकाचं पात्र. वेळ मोजणं आणि जागं राहणं ही जुळी कामं आहेत, आणि ती सगळ्यात स्पष्ट दिसतात जहाजावर.

समुद्रात जहाज रात्री थांबत नाही. म्हणून शिडाच्या इंग्रजी जहाजांवर खलाशांचे दोन गट पाडत. एक गट चार तास कामावर, दुसरा चार तास झोपायला. अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ असे. वाळू गळली की ते उलटं करायचं आणि घंटा द्यायची. पहिल्या अर्ध्या तासाला एक ठोका, पुढच्याला दोन, असं करत आठ ठोके पडले की पाळी बदलली. काही पोरं वाळू पुरी गळायच्या आतच घड्याळ उलटं करीत, म्हणजे पाळी लवकर संपावी! तास संपण्याची वाट पाहणारी मुलं मी जन्मभर पाहिली, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही.

आता एक गणित. चोवीस तासांत चार-चार तासांच्या पाळ्या सहा. सहा ही सम संख्या, म्हणजे मध्यरात्री १२ ते ४ ची वैऱ्याची पाळी रोज त्याच गटाच्या वाट्याला येणार. यावर उपाय काय केला? संध्याकाळी ४ ते ८ या पाळीचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे केले. त्यांना 'डॉग वॉच' म्हणतात. पाळ्या झाल्या सात. आज ज्याची झोपमोड झाली, त्याला उद्या ती वेळ झोपायला मिळाली. कुणापुढे हात न पसरता, साध्या अंकगणितातून मिळालेला हा न्याय आहे.

ही झाली वेळेची वाटणी. माणसांची वाटणी म्हणजे हुद्दे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईने अकबरी'त जहाजावरच्या माणसांचे प्रकार नोंदवले आहेत. नाखुदा म्हणजे जहाजाचा प्रमुख. मुअल्लिम वाट दाखवणारा, त्याला समुद्राची खोली आणि ताऱ्यांचं ज्ञान हवं. तांडेल खलाशांचा मुख्य. सारंग जहाज धक्क्याला लावणारा, भंडारी कोठी सांभाळणारा, सुक्कानगीर सुकाणू धरणारा, पंजरी डोलकाठीच्या टोकावरून जमीन, जहाज वा वादळ दिसलं की हाक देणारा. यातले किती शब्द ओळखीचे वाटले? आपल्या किनाऱ्यावर नाखवा आणि तांडेल आजही ऐकू येतात.

पुढे इंग्रजांच्या आगबोटी आल्या. त्यांवर हिंदुस्थानी खलाशी 'लस्कर' म्हणून भरती झाले, डेकवर रत्नागिरीकडचेही पुष्कळ होते. शब्द तेच राहिले, पण मान उतरला. सारंग हा खलाशांचा मुकादम झाला आणि कोकणात होडीचा प्रमुख असणारा तांडेल इथे त्याच्या हाताखाली गेला. त्यांच्यावर सगळे अधिकारी गोरे. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला झोपण्या-राहण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा ठरवली होती. लस्कराला हिंदुस्थानच्या कायद्याने ३६. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच, एवढाच तो हिशोब. डॉग वॉचचा न्याय करणाऱ्या दर्यावर्दी देशाला इथे अंकगणित आठवलं नाही.

विश्रांतीत काटछाट केली की समुद्र केव्हा तरी ती वसूल करतो. २४ मार्च १९८९ रोजी मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काजवळ खडकावर चढलं. सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात सांडलं. कप्तान त्या वेळी ब्रिजवर नव्हता, जहाज तिसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती होतं. चौकशीत कप्तानाला आणि कंपनीलाही दोष दिला गेला. पण संभाव्य कारणांत पहिलं होतं ते त्या तिसऱ्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा अतिरेक.

आताच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दर्यावर्दीला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. वाळूचं घड्याळ गेलं, उपग्रह आले, तरी मूळ गोष्ट तीच. जो नीट झोपला, तोच नीट जागा राहतो. झोप ही कामातली सवलत नाही, तो पहाऱ्याचाच अर्धा भाग आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं माणूस बोटीवर असेल, तर त्याला एकदा विचारा, पाळी कोणती असते? आणि त्याने सांगितलेले जुने शब्द मला जरूर कळवा.