शौर्य

शौर्य : धोका डोळ्यांसमोर असताना माघार न घेण्याचा गुण. जवळचे शब्द पराक्रम, धाडस, हिंमत, बहादुरी, मर्दुमकी. शेवटचे तीन फार्सीच्या वाटेने मराठीत आले. मर्दुमकीत पुरुषपण गृहीत धरलेले असल्याने तो शब्द आता बहुधा चिमटा काढायलाच उरला आहे.

जुना अर्थ रणातला. वीरगळावर, म्हणजे पडलेल्या वीराच्या स्मृतिदगडावर, खाली झुंज, वर अप्सरांसह स्वर्गारोहण आणि माथ्यावर शिवपूजा कोरलेली असते. गावच्या गायी सोडवताना पडलेल्यांचेही वीरगळ आहेत. दगड मिळायचा तो मात्र मेल्यावरच.

शौर्य कुणाचे, हे सांगणाऱ्यावर ठरते. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन वखार राखून राहिला आणि औरंगजेबाने त्याचा सन्मान केला. मराठी माणूस ही मोहीम अभिमानाने सांगतो, पण तिला म्हणतो ‘सुरतेची लूट’च.

स्वातंत्र्यानंतर शौर्याला सरकारी श्रेण्या आल्या. एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबारात सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणारे, कारवारकडचे रामा राघोबा राणे परमवीर चक्राचे मानकरी ठरले. किती शत्रू मारले, हा तिथे प्रश्नच नव्हता. रणांगणाबाहेरच्या धैर्यासाठी १९५२मध्ये अशोक चक्राचे तीन वर्ग ठरले. १९६७मध्ये त्यांतल्या तिसऱ्याला ‘शौर्य चक्र’ हे नाव मिळाले. ही पदके नागरिकांनाही मिळू शकतात.

रोजच्या बोलण्यात ‘शौर्य’ फारसे येत नाही. सुरतेच्या डिंडोली, लिंबायत, उधना भागांत कापडधंद्यामागे खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. अशा वस्तीत चालणारा शब्द ‘हिंमत’, नाहीतर सरळ ‘डेरिंग’. गावची शेती सोडून लूमवर येणे, हप्त्यावर रिक्षा घेणे, मुलीला एकटीला बाहेरगावी शिकायला पाठवणे, सगळ्याला तोच शब्द. कोशांनी ‘डेरिंग’ला अजून नीट जागा दिलेली नाही, ती द्यायला हवी.

बुडत्याला किंवा आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी १९६१पासून जीवन रक्षा पदके आहेत. त्यांच्या नावात ‘शौर्य’ नाही आणि शौर्यपदकांहून त्यांची मालिका वेगळी. ही विभागणी म्हणजे रणातल्या जुन्या अर्थाचा अवशेष वाटतो.